खत घालू नका

सुनेत्रा चहाचे दोन कप घेऊन हॉलमध्ये परत आली, तेव्हा तिच्या फुलासमोरचं पहिल्या नंबरचं लाल कार्ड गायब झालं होतं. परीक्षकांनी ते सकाळीच ठेवलं होतं. आता तिथे एक पांढरी चिठ्ठी होती : नियमात बसत नाही. आणि बाजूला तिचे यजमान शशिकांत उभे होते, चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू घेऊन. ते हसू दिसलं, की यांनी परस्पर काहीतरी मिटवून टाकलंय, हे तिला पस्तीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

झालं होतं ते असं. गार्डनिंग क्लबचे अध्यक्ष माल्कम टेबलापाशी आले आणि त्यांनी अगदी गोड शब्दांत विचारलं, की हे फूल दुकानातलं तर नाही? स्पर्धा होती घरच्या बागेत, उघड्यावर वाढवलेल्या झुडपाच्या एका फांदीची. सुनेत्राचा हा किंग प्रोटिया तर दक्षिण आफ्रिकेतून विमानानं येतो आणि फुलवाल्याकडे मिळतो. इंग्लंडच्या थंडीत, साउथहॅम्प्टनमध्ये तो कुणी उघड्यावर फुलवल्याचं माल्कमच्या ऐकिवात नव्हतं. त्यावर शशिकांत म्हणाले, सॉरी, सॉरी, काहीतरी मिसअंडरस्टँडिंग झालंय, आम्ही घेऊन जातो.

शशिकांतांनी तीस वर्षं बंदरातल्या ऑफिसात कंटेनरचे कागद तपासले आणि तेवढी वर्षं सॉरी म्हटलं. स्वतःच्या पायावर कुणी पाय दिला तरी सॉरी. बसचं दार तोंडावर बंद झालं तरी दाराला सॉरी. त्यांच्या लेखी तो गर्दीतून वाट काढायचा एक प्रकार होता. माल्कमनी मात्र तो कबुलीजबाब धरला.

"अहो, तुम्ही माझ्या वतीनं चोरी कबूल केलीत," सुनेत्रा म्हणाली.

शशिकांत इकडेतिकडे बघत कुजबुजले, "कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण? एका फुलाचा तर प्रश्न आहे."

एका फुलाचा! त्या दोन शब्दांनी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं तिनं लोकांचं रक्त तपासलं. एका नळीवरचं लेबल कधी इकडचं तिकडे झालं नाही. आणि निवृत्तीनंतर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, दुकानातलं फूल स्वतःचं म्हणून मांडल्याचा आळ घ्यायचा?

नऊ वर्षांपूर्वी तिनं वाळका पाला जाळून त्याचा धूर पाण्यात मुरवला होता आणि त्या पाण्यात बिया भिजवल्या होत्या, कारण तिकडे आफ्रिकेतल्या मूळच्या डोंगरावर वणवा येऊन गेल्याशिवाय या बिया जाग्या होत नाहीत. घरातला स्मोक अलार्म इतका कोकलला, की शेजारी धावत आले. बारा बियांतून तीन रोपं आली आणि तीनातलं एक जगलं. गॅरेजमागे, दक्षिणेच्या भिंतीला लागून, खडी आणि वाळू घातलेल्या उतारावर तिनं ते लावलं. पाणी साचता कामा नये, वारा खेळता राहिला पाहिजे आणि खत तर मुळीच नको. या झाडाची मुळं नापीक जमिनीतून कण कण वेचून खाणारी. त्यांना फॉस्फरसचं खत घातलं, की विष घातल्यासारखं झाड पिवळं पडतं आणि मरतं.

हे शशिकांतांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. घरी आलेल्याला दोनदा आग्रह केल्याशिवाय उठू न देणारा माणूस तो. दारातलं झाड उपाशी आहे हे त्यांना बघवेना. एकदा हाडांच्या खताचा डबा घेऊन ते गॅरेजमागे निघालेले तिला सापडले. त्याच दिवशी तिनं पाटी ठोकली, मराठीतून, कारण ती वाचायची गरज असलेला माणूस तेवढा एकच होता : खत घालू नका.

मग २०२२ च्या डिसेंबरची ती थंडी आली. आठवड्याभरात झाड काळं पडलं. शेजारी म्हणाले, काढून टाका. गार्डन सेंटरवाला म्हणाला, काढून टाका. शशिकांत तर फावडं घेऊनच आले. सुनेत्रानं त्यांच्या हातून फावडं काढून घेतलं, काळ्या फांद्या बुंध्यापर्यंत छाटल्या आणि बुंध्याला हात लावू दिला नाही. या झाडाला जमिनीलगत लाकडाची एक जाड गाठ असते. वरचं सगळं वणव्यात गेलं, तरी गाठीतले डोळे शिल्लक राहतात. मे महिन्यात तिथून तीन लालसर कोंब आले. त्यांतल्या एका फांदीला या जूनमध्ये भाकरीएवढं फूल लागलं, भोवती गुलाबी पानांचा घेर आणि मधोमध दाटीनं बसलेली शेकडो बारीक खरी फुलं. झाडाच्या आयुष्यातलं पहिलं फूल, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं कापून इथे आणलं होतं.

तिनं कप टेबलावर ठेवले आणि ती थेट माल्कमसमोर जाऊन उभी राहिली. माल्कमनी तिला समजावलं, की कुणी काही म्हणत नाहीये, मिस्टरांनी सॉरी म्हटलं, विषय संपला. ते बसच्या दारालाही सॉरी म्हणतात, सुनेत्रानं सांगितलं. मग तिनं क्लबचं नियमांचं पत्रक उघडून अकरावा नियम दाखवला : शंका आल्यास समितीनं स्पर्धकाची बाग तपासावी. तपासा, ती म्हणाली. उद्या अकरा वाजता, आणि येताना फूल घेऊन या.

घरी जाताना कारमध्ये शशिकांत म्हणाले, की नसतं लचांड झालं, लोक काय म्हणतील. कर नाही त्याला डर कशाला, एवढंच ती म्हणाली. पण घाबरली तीही होती. इतकं करून समितीवाले नुसतेच खांदे उडवून गेले, तर पुन्हा त्या हॉलमध्ये पाय ठेवता येणार नव्हता.

रविवारी अकराला माल्कम समितीच्या दोन बायकांना घेऊन आले. हातात बादली, बादलीत फूल. गॅरेजमागचं झाड काही देखणं नव्हतं. करपलेला बुंधा, त्यातून निघालेल्या तीन फांद्या, कातड्यासारखी जाड पानं आणि एका शेंड्यावर मुठीएवढी मिटलेली कळी. माल्कम पुढे सरसावले, तसं सुनेत्रानं त्यांना खडीच्या कडेला थांबवलं. मुळं अगदी वरवर असतात, तुडवलेली चालत नाहीत. ते निमूटपणे कडेलाच गुडघ्यावर बसले. पाटीवर काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. तिनं अर्थ सांगितला आणि कुणासाठी लिहिलंय तेही सांगितलं. शशिकांत बुटांकडे बघत राहिले.

मग माल्कमनी बादलीतली फांदी उचलून झाडावरच्या कापलेल्या खुंटावर धरली. तिरका काप तिरक्या कापावर बसला. गेल्या हिवाळ्याच्या वादळात सुनेत्रानं ती फांदी भिंतीला बांधली होती, त्या दोरीचा व्रण सालीवर उमटला होता. अर्धा व्रण खुंटावर होता, अर्धा हातातल्या फांदीवर. दोन्ही जुळून एक सलग रेघ झाली. समितीतल्या बायकांनी वाकून पाहिलं आणि माना डोलावल्या.

माल्कम उठले. कार्ड पोस्टानं पाठवतो, म्हणाले.

पोस्टानं नको, सुनेत्रा म्हणाली. काढलं हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. ठेवायचंही हॉलमध्ये, बुधवारच्या सभेत, सगळ्यांच्या देखत.

माल्कमनी गुडघ्याची माती झटकली. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. बुधवारी, सभेत.

"आय ॲम सॉरी," ते म्हणाले.

"नो, नो, सॉरी..." शशिकांतांनी लगेच सुरुवात केली.

सुनेत्रानं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"थांबा हो. हे सॉरी त्यांचं आहे. त्यांना म्हणू द्या."

शशिकांतांनी तोंड मिटलं. माल्कमनी एकदा दोघांकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि ते वाक्य पुन्हा, या वेळी तिचं नाव घेऊन, पूर्ण केलं.