नऊ ते पाच, फुकट

घरपोच किराणा देणाऱ्या कंपनीत ती सहा वर्षं एकच काम करत होती. सामान कुठल्या वेळेला पोचवायचं आणि त्या वेळेचे किती पैसे लावायचे, हे ठरवायचं. संध्याकाळचा सात ते आठ हा तास सगळ्यांनाच हवा, म्हणून तो सगळ्यात महाग. सकाळचा त्याखालोखाल. 'नऊ ते पाच' मात्र फुकट. त्यात गाडी वाटेल तेव्हा येणार. आकडे बघून बघून तिचं डोकं इतकं शिणायचं, की घरी आल्यावर बोलणंही नकोसं व्हायचं.

त्या मंगळवारी ताप होता म्हणून ती घरी राहिली. अकरा वाजले तरी सासूबाई पारोशाच, दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या.

"आंघोळ नाही केलीत?"

"सामान यायचंय. मी बाथरूममध्ये आणि बेल वाजली तर? मागच्या महिन्यात तसंच झालं. ओल्या अंगानं धावत आले, तोवर गाडी पसार."

"म्हणजे दर मंगळवारी अशाच बसता?"

"मग काय संध्याकाळचे पैसे भरू? ज्या मेल्यानं हा भाव काढलाय ना, त्याच्या घरात म्हातारं माणूस नसणार, सांगते तुला."

ती म्हणाली, "तो मेला मीच आहे, आई."

सासूबाईंना आधी थट्टा वाटली. सून 'कॉम्प्युटरवर काहीतरी' करते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. खरं कळल्यावर त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"मग बदल की," त्या म्हणाल्या.

"तेवढं माझ्या हातात नाही. जा तुम्ही, मी आहे दाराशी."

त्या गेल्या खऱ्या, पण पाच मिनिटांत केस निथळत बाहेर. "वाजली का गं?"

बुधवारी अंगात कणकण होती, तरी ती ऑफिसात साहेबांसमोर जाऊन बसली. "गाड्यांचा रस्ता सकाळी आठलाच ठरतो. कुणाकडे साधारण कधी पोचणार, आपल्याला माहीत असतं. फुकटवाल्यांना तेवढा मेसेज पाठवू या."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पाठवू. मग पैसे भरून वेळ कोण घेईल?"

ती उठून जागेवर आली. इतकी वर्षं आपण वेळ विकतोय, असं ती समजत होती. विकत होती ताटकळण्यापासून सुटका. आणि त्या सुटकेला भाव यायचा, तर कुणीतरी ताटकळायलाच हवं होतं.

पुढच्या मंगळवारी तिनं गाड्यांची यादी उघडून घरचा पत्ता शोधला आणि फोन लावला. "आई, दोनच्या सुमाराला येईल. निवांत आंघोळ करा."

सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. पंधरा दिवसांत त्यांनी शेजारच्या काकूंचा आणि खालच्या आजींचा पत्ता पुढे केला.

"माझी नोकरी जाईल हो!" ती कडाडली.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं स्वतःच विचारलं, "खालच्या आजींचा वार कोणता?"

बघता बघता पाच घरं झाली. रोज सव्वाआठला ती ऑफिसच्या जिन्यात वेळांचा कागद घेऊन फोन लावत उभी राही. एकदा साहेब जिना चढताना थबकले.

"रोज कुणाशी बोलता?"

"घरच्यांशी."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "जरा हळू आवाजात बोला," म्हणाले आणि वर गेले.

ती भिंतीला टेकली. अजून दोन फोन राहिले होते.