दुसरं एन्झाइम

चिमीची नळी चमकली नाही. बाकीच्या अकरा नळ्या यंत्रात निळ्याशार दिसत होत्या, ही एकटी विझल्यासारखी. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तोच आला, जवळजवळ शून्य.

चिमी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. सात महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती, दूध पिता पिता दमायची. डॉक्टरांनी एन्झाइमची तपासणी सांगितली, आणि ती तपासणी आमच्या प्रयोगशाळेत मीच करते.

आपल्या काय किंवा मांजराच्या काय, पेशीत साठलेलं जिरवायला बारीक पिशव्या असतात आणि त्यांत एन्झाइमं राबत असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फोडायच्या, त्यात ठरलेलं रसायन घालायचं, अंगाच्या उबेत तासभर ठेवायचं. एन्झाइम काम करत असेल तर रसायन तुटतं आणि नळी चमकते. करत नसेल तर माल साठत जातो, स्नायू ढिले पडतात, पुढे हृदय थकतं. सहलीला आलेल्या पोरांना मी हे खुसखुशीत करून सांगते. आज तेच शब्द मी मनात अर्ध्यावरच थांबवले.

"रक्त आणलं कुणी?" आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं. आवाज न चढवता माणसाला सोलून काढायची त्यांची हातोटी आहे.

"मीच."

खरं तर रक्त बर्फाच्या डब्यातून यायला हवं. पण दवाखान्यात लेकराला तीनदा टोचलं म्हणून मावशीची माया उतू गेली. मी बहिणीच्या घरी जाऊन स्वतः रक्त काढलं आणि घाईघाईत डबा ओट्यावरच विसरून नळी पर्समध्ये टाकली. त्यात बस बंद पडली. अडीच तास भर उन्हात. एन्झाइम म्हणजे नाजूक प्रकरण, उष्णतेने मरतं.

मॅडमनी मला शिव्या घातल्या असत्या तर उपकार मानून मी त्यांचे पाय धरले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "दुसरं एन्झाइम लाव."

दुसरं म्हणजे त्याच पेशीतलं, पण या आजाराशी देणंघेणं नसलेलं. ते प्रत्येकात असतं आणि उन्हात तसंच मरतं. तेही मेलेलं निघालं तर नमुना खराब, रक्त पुन्हा घ्यायचं. ते जिवंत निघालं तर पहिला आकडा खरा.

नळी उबेत ठेवली आणि मी बहिणीला फोन केला. करायला नको होता.

"अगं, आकडा कमी आलाय, पण माझ्यामुळेच रक्त खराब झालं असणार. पर्समध्ये तापलं. पुन्हा घ्यावं लागेल."

"वेंधळी कुठली!" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "माझा जीव टांगणीला लावलास की गं, ताई!"

तो तास सरता सरेना. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "इतकं टक लावून बघू नका, नळी लाजेल." एरवी मी त्यांना सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज मी मानही वर केली नाही. मी हलगर्जी ठरू दे, नोकरी गेली तरी चालेल, एवढंच मी मनात घोकत होते. असलं काही मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

घंटा वाजली. मी नळी यंत्रात ठेवली, झाकण लावलं. डोळे उघडायचा धीर होईना.

"नमुना चांगला आहे," मागून मॅडम म्हणाल्या.

नळी निळीशार चमकत होती. आकडा अगदी असायला हवा तेवढा. मी तो वहीत पहिल्या आकड्याखाली लिहिला.

"डॉक्टरांना मी कळवते," मॅडम म्हणाल्या. "घरी तू सांग."

बहिणीने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "कधी येतेस? या वेळी डबा विसरलीस तर दारात उभी करणार नाही."

"रक्त खराब झालं नव्हतं गं."

ती अगदी हळू म्हणाली, "ताई, तू चुकतेस कधी कधी. पुन्हा एकदा बघ ना."

"दोनदा बघितलं," मी म्हटलं.