सिग्ने घरी नव्हती

नाताळच्या आधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पाळकांनी प्रार्थनेत घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची नावं वाचली, आणि त्यात सिग्नेचं नाव होतं. सिग्ने तेव्हा तिसऱ्या बाकावर, माझ्या बरोबर पुढे बसली होती.

मला तिची मान दिसत होती. ती हलली नाही. फक्त 'आमेन' तिनं इतरांपेक्षा जरा उशिरा म्हटलं.

उपासना संपल्यावर खाली तळघरात कॉफी असते. तिथे ती काठी टेकत माझ्याजवळ आली.

"आर्दिस, मी आत्ता कुठे आहे?"

"इथे."

"इथे म्हणजे घरात की घराबाहेर?"

मी कपात दूध घालत राहिले. महिला मंडळाची नोव्हेंबरची बैठक झाली तेव्हा ती आली नव्हती, रस्त्यावर बर्फ होता. तिचं नाव घालावं असं तेव्हा ठरलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. जून महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला होता, डावा पाय ओढत चालायची, आणि डावा हात मांडीवर पडून असायचा, कुणी सांभाळायला दिल्यासारखा. ज्यांचं नाव वाचलं जातं त्यांच्याकडे नाताळच्या आधी मंडळातलं कुणीतरी भेट घेऊन जातं. ज्यांचं वाचलं जात नाही ते भेट देतात. आमच्या चर्चमध्ये एवढे दोनच प्रकार आहेत, आणि सिग्ने जन्मभर दुसऱ्या प्रकारात होती.

"मला काय मिळणार आहे?" तिनं विचारलं.

"पॉइनसेटियाची कुंडी. मीच आणणार आहे."

"लाल?"

"लाल."

"मला लाल कुंडी," ती म्हणाली, आणि कॉफी न घेता सुनेच्या गाडीकडे गेली.

सिग्नेचं हार्डांगर आमच्या मिनेसोटातल्या या कोपऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या धाग्याचं काम, मधले धागे कात्रीनं कापून त्याची जाळी करायची. एक धागा चुकीचा कापला की सगळं वाया. घराबाहेर न पडणाऱ्या प्रत्येकाला ती दर नाताळला एक पांढरी चांदणी करून द्यायची. त्यांच्यातल्याच ऑर्विलच्या खिडकीत अशा चांदण्यांची रांग आहे. पण त्या कामाला चौकट एका हातानं धरावी लागते आणि सुई दुसऱ्या हातानं चालवावी लागते.

पुढचं बरंचसं मला तिच्या सुनेनं, मार्नीनं सांगितलं. सिग्नेच्या मुलाची, लेलंडची ही बायको धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करते. सरळ बाई आहे. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि ते ती लपवत नाही. मुलांचं ऐकून ऐकून ती सासूला ग्रँडमाच म्हणते.

त्या संध्याकाळी सिग्ने म्हणाली, "मला यंदाही द्यायचंय. माझ्या हातचं."

"हार्डांगर?"

"चौकट दातात धरू का?"

"मग माझ्यासारखं करा. बरणी."

मार्नी दर नाताळला सगळ्यांना काचेच्या बरणीत सूपचं सामान देते. डाळी, बार्ली, तांदूळ एकावर एक थरांनी भरायचे, वर मसाल्याची पुडी, झाकणाला रिबीन आणि कसं शिजवायचं त्याचा कागद. कात्री लागत नाही, सुई लागत नाही. मागच्या वर्षी सिग्नेला तिची बरणी मिळाली तेव्हा ती म्हणाली होती, "रंग छान आहेत. दुकानदार बिचारा या डाळी वेगवेगळ्या ठेवायला किती मेहनत घेतो." ती बरणी तेव्हापासून फ्रीजच्या वर होती. रिबीनसुद्धा सुटली नव्हती.

"आण सामान," सिग्ने शेवटी म्हणाली.

शनिवारी सकाळी दोघी स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या. मार्नीनं बरणी धरायची, नरसाळं धरायचं, आणि सिग्नेनं उजव्या हातानं ओतायचं.

"नीट धर. वाकडी धरलीस."

"सरळच धरलीय. टेबल वाकडं आहे तुमचं."

"टेबल लेलंडच्या वडिलांनी केलंय."

"तेच म्हणतेय मी."

सिग्ने हसली नाही, पण तिनं बरणीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. मार्नी थर ओतून मोकळी होते, कडेला उंच झाला तर झाला. सिग्नेला ते चालेना. तिनं विणकामाची सुई मागवली आणि प्रत्येक थर सुईनं ढकलून सपाट केला. हिरवी वाटाण्याची डाळ, तिच्यावर पांढरी बार्ली, मग गुलाबी मसूर, मग तांदूळ, सगळ्यात वर लालभडक राजमा. एका बरणीला मार्नीला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. दुपारपर्यंत टेबलावर बरण्यांची रांग झाली, आणि मार्नी म्हणते, तिनं इतकी वर्षं भरलेल्या बरण्या त्यापुढे घसरलेल्या वाळूसारख्या वाटत होत्या.

"बघा, तुम्हाला येतं."

"यात येण्यासारखं काय आहे?" सिग्ने म्हणाली. पण रांग तिनं दोनदा सरळ केली.

मार्नी घरी गेली. संध्याकाळी लेलंडबरोबर जेवण घेऊन परत आली तेव्हा सिग्ने स्वयंपाकघरातच होती. दिवा लावलेला नव्हता. समोर मागच्या वर्षीची बरणी होती, रिबीन काढलेली, झाकण घट्ट. टेबलाचा खण उघडा होता आणि त्याची कड चेपली होती.

"हे काय केलंत?"

"उघडत होते. कशी लागते ते बघायला." तिनं बरणी गुडघ्यांत धरून पाहिली होती, खणात अडकवून पाहिली होती, निकामी हाताखाली दाबून पाहिली होती. "ऑर्विलच्या बोटांचं काय झालंय माहीत आहे ना?"

"सांधे धरलेत."

"आणि यादीतल्या डेल्फाला दिसत नाही. नाही का?"

"नाही."

"मग यातली एक तरी बरणी कोण उघडणार आहे? राजमा रात्रभर कोण भिजवणार? पाण्यानं भरलेलं भांडं कोण उचलणार? खिडकीत ठेवतील ती. शोभेला."

मार्नी खाली बसली. तिच्या बरण्या नेहमी धडधाकट लोकांकडे जातात, तिनं हा विचारच कधी केला नव्हता.

"मी तर वर्षभर ठेवली," सिग्ने म्हणाली. "आणि जूनपर्यंत मला दोन्ही हात होते."

लेलंडनं झाकण फिरवून दिलं आणि तो टीव्हीसमोर जाऊन बसला. सिग्ने थोडा वेळ उघड्या बरणीत बघत होती. मग तिनं दुपारी भरलेली पहिली बरणी ओढली.

"राजमा काढ सगळ्यांतला."

"लाल थर गेला तर रंग काय राहील?"

"गुलाबी आहे की. बाकीचं तासाभरात शिजतं, हो ना? मग मी शिजवून देईन."

"तुम्हाला भांडं उचलता येत नाही, ग्रँडमा."

"उचलायचं कशाला? भांडं त्यांचं, शेगडी त्यांची, पाणी त्यांच्या नळाचं. पाणी पेल्यानं घालेन. बाकी मला फक्त ओतायचंय, ते मी आज शिकले. तू मला दारापर्यंत सोड आणि न्यायला ये. थंडीत तुमच्या कोठारावर तसंही कुणी मका घेऊन येत नाही."

"आणि झाकण?"

"ते बघू तिथे."

आता माझी बाजू सांगते. मंगळवारी मी सिग्नेची कुंडी घेऊन तिच्याकडे गेले. बेल वाजवली, थांबले. दार कुणी उघडलं नाही. इतकी थंडी होती की कुंडी पायरीवर ठेवली असती तर पानं काळी पडली असती, म्हणून परत आणली. मनात नको ते विचार आले. संध्याकाळी आगमनकाळाची मेणबत्ती लावली तेव्हा तिच्यासाठी वेगळी प्रार्थना केली आणि लेलंडच्या घरी फोन केला. लेलंड म्हणाला, "आई बाहेर गेलीय." जणू त्यात काहीच नवल नव्हतं.

गुरुवारी परत गेले. परत कुणी नाही. शेजारच्या बाईनं खिडकीतून हातानंच खूण केली, गेल्या म्हणून. मग मी दोन्ही कुंड्या गाडीत ठेवून ऑर्विलकडे निघाले, कारण त्याची कुंडीही माझ्याकडेच होती. ऑर्विल गावाबाहेर एकटा राहतो. लग्न केलं नाही, गाई विकल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

दार वाजवलं तर आतून आवाज आला, "आत ये. आमचे हात गुंतलेत."

स्वयंपाकघरात टेबलाच्या एका बाजूला ऑर्विल आणि दुसऱ्या बाजूला सिग्ने, आणि मध्ये बरणी. ऑर्विलची बोटं मुठीतून उघडत नाहीत, पण गाई सांभाळलेले दंड आहेत त्याचे. त्यानं दोन्ही कोपरांमध्ये बरणी पकडली होती. सिग्ने उभी राहून उजव्या हातानं झाकण पिळत होती.

मी कुंडी ठेवून पुढे झाले.

"तू नको," सिग्ने म्हणाली. "होत आलंय. ऑर्विल, गाईला धरायचास तसं धर."

"गाय इतकी हट्टी नसायची."

"गाईला तू आवडत असशील."

झाकण सुटलं. दोघंही एकदम मागे झाले आणि थोड्या डाळी टेबलावर सांडल्या. ऑर्विल त्या मुठीच्या कडेनं गोळा करायला लागला. सिग्नेनं भांड्यात एकेक पेला पाणी घातलं, मग बरणी उपडी केली. तिनं इतक्या कष्टानं सपाट केलेले थर क्षणात एकमेकांत मिसळून गेले. मला वाईट वाटलं. तिनं तिकडे पाहिलंही नाही, मसाल्याची पुडी दातानं फाडत होती.

"आता तासभर," ती बसत म्हणाली. "बस, आर्दिस. हीच भेट आहे. बसून राहायचं."

आम्ही बसलो. ऑर्विलनं बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला, मग परत ओढून घेतला. "विसरलो. नाताळपर्यंत तू साखर घेत नाहीस."

"आहे लक्षात तुझ्या."

"दरवर्षी कुंडी ठेवून तू लगेच जातेस. तुझ्याबद्दल दुसरं काही लक्षात ठेवायला मिळत नाही."

मी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. भांड्यावरचं झाकण खडखडायला लागलं. ऑर्विल त्याच्या गाईंच्या नावांबद्दल बोलत होता, सिग्ने त्याला मध्येच खोडत होती. खिडकीत तिच्या चांदण्या लटकत होत्या, कुणी त्यांचं नाव काढलं नाही. एकदा सिग्नेनं डावा हात उजव्यानं उचलून टेबलावर ठेवला, सगळ्यांसमोर. चर्चमध्ये ती तो शालीखाली ठेवते.

"तुझी कुंडी गाडीत आहे," मी म्हटलं. "मी दोनदा येऊन गेले."

"मी घरी नव्हते," सिग्ने म्हणाली.

हे ती अगदी सावकाश म्हणाली, आणि चमच्यानं भांडं ढवळायला उठली.

मार्नी न्यायला आली तोवर सूप तयार होतं. ती कोट न काढता दाराशीच उभी राहिली, पण ऑर्विलनं तिलाही वाडगा घ्यायला लावला. मी प्रार्थना म्हटली आणि आम्ही जेवलो. मीठ जरा कमी होतं.

"वाईट नाही," ऑर्विल म्हणाला. आमच्याकडे यापेक्षा जास्त कौतुक कुणी करत नाही.

"माझं नाही ते, हिचं आहे," सिग्नेनं चमच्यानं मार्नीकडे दाखवलं. "मी फक्त राजमा काढला."

मार्नी वाडग्यात बघत राहिली. मग म्हणाली, "ग्रँडमा, मग फ्रीजवरची बरणी?"

"आज रात्री राजमा भिजत घालणार आहे. उद्या जेवायला या दोघं."

निघताना मी तिला गाडीपर्यंत हात दिला. पायरीवर ती थांबली.

"नावाचं काय करू?" मी विचारलं. "पाळकांना सांगून काढून टाकू?"

तिनं जरा विचार केला. "प्रार्थना राहू दे. ती पायासाठी लागेल. कुंडी काढ."

म्हणून रविवारी पाळकांनी नावं वाचली तेव्हा तिचं नाव होतं. सिग्ने तिसऱ्या बाकावर होती, आणि या वेळी 'आमेन' तिनं सगळ्यांच्या बरोबर म्हटलं. खाली कॉफीला मात्र थांबली नाही. डेल्फा वाट बघत होती, आणि बरणी मार्नीच्या गाडीत होती.

लाल कुंडी माझ्याकडेच राहिली. रोज सकाळी स्तोत्र वाचून झालं की मी तिला पाणी घालते.