मोठ्या पट्ट्याच्या दोन रेषा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, दंडाचा. दवाखान्यात रक्तदाब मोजताना आजोबांच्या दंडाला जो निळा पट्टा गुंडाळतात आणि मग तो फुस्स फुस्स करत फुगतो, तोच मी. मित्रांनो, माझ्या हातून एकदा असं काही घडलं, की ते आठवलं तरी अजून माझ्यातली हवा जाते. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड कापड, आत रबराची पिशवी, एक लांब नळी आणि टोकाला चर्र आवाज करत सुटणारी चिकटपट्टी, एवढाच माझा संसार. शेवटी एका कामगार बाईंनी माझ्या अंगावर दोन पांढऱ्या रेषा छापल्या. पट्टा गुंडाळल्यावर त्याची कड या दोन रेषांच्या मधे आली, तरच तो पट्टा त्या दंडाचा. कड रेषांच्या बाहेर गेली, की निमूटपणे दुसरा पट्टा घ्यायचा. मी मोठ्या मापाचा. बारीक दंडाला मला लावलं, तर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे मी चक्क खोटं बोलतो, आणि तेही अगदी साळसूद चेहऱ्याने.

मधल्या आणि लहान मापाच्या भावंडांबरोबर मी एका छोट्या रुग्णालयात आलो. तिथल्या सिस्टर वीस वर्षांच्या अनुभवी. आवाज करडा, पण मन लोण्याचं. एके दिवशी फळ्यासमोर उभं राहून मुलांना गणित शिकवणाऱ्या एक बाई तपासणीला आल्या. बाई खूप जाड होत्या. मधला भाऊ त्यांच्या दंडाला लावला, तर तो फुगता फुगता चर्रकन सुटला. बाकावरचे चार लोक हसले. बाईंनी मान खाली घातली. सिस्टरांनी तडक मला काढलं. मी त्यांच्या दंडाभोवती नीट बसलो, जराही कुरकुर केली नाही. बाई म्हणाल्या, "चला, कुणीतरी आपल्या मापाचं भेटलं!"

त्या दिवशी सिस्टरांनी बाईंच्या फाइलवर एक लाल चिठ्ठी चिकटवली. 'मोठा पट्टा.' पुन्हा चारचौघांत त्यांची शोभा होऊ नये म्हणून. किती चांगुलपणा होता त्या चिठ्ठीत! आणि त्याच चिठ्ठीने पुढे घात केला.

बाईंनी मनावर घेतलं. दोन वर्षं खाणं आवरलं, रोज मैलोन्मैल चालल्या आणि जवळजवळ निम्म्या झाल्या. पण मित्रांनो, अंगावरचं मांस उतरलं तरी ताणलेली कातडी मागे राहिली होती. दंडाखाली ती रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची. घडीत घाम साचून चट्टे उठायचे. फळ्यावर लिहायला हात वर केला, की ती कातडी हलायची आणि मागच्या बाकांवरून खसखस ऐकू यायची. मग बाई एका हाताने दुसऱ्या हाताची बाही धरून लिहायच्या. भर उन्हाळ्यातही कोपराखाली जाणाऱ्या बाह्या घालायच्या.

ती जादा कातडी शस्त्रक्रियेने काढून टाकायचं त्यांनी ठरवलं. "मला सुंदर बिंदर दिसायचं नाही हो," त्या सिस्टरांना म्हणाल्या, "मला फक्त दोन्ही हात मोकळे ठेवून फळ्यावर लिहायचंय."

तपासणीला त्या आल्या, की स्वतःच हसून म्हणायच्या, "माझा नेहमीचाच लावा हं." सिस्टर लाल चिठ्ठीकडे बघायच्या आणि मला उचलायच्या. तोवर रोजच्या पुसण्याने माझ्या दोन्ही रेषा साफ उडाल्या होत्या. कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बाईंच्या दंडाला मात्र आता माझे जवळजवळ दोन वेढे बसत होते. आत हाड लागायचं. मला कळत होतं, की हा दंड माझा राहिला नाही. पण मला बोलता कुठे येतं? आणि खरं सांगू? बाई मला आपला म्हणत होत्या, ते मला आवडतही होतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीही मी नेहमीसारखा आकडा दिला. एकशे अठ्ठावीस. उत्तम! डॉक्टरांनी बाईंच्या दंडांवर जांभळ्या शाईने रेषा आखल्या आणि त्यांना आत नेलं. आतली यंत्रं वेगळी. गुंगीत दाब खालीच राहिला आणि सगळं सुरळीत पार पडलं.

दुपारी बाई खोलीत आल्या. दोन्ही दंडांना जाड बँडेज, हात उशांवर. म्हणून मला त्यांच्या पोटरीला गुंडाळलं. डॉक्टर बजावून गेले होते, "दाब दीडशेच्या वर गेला, तर मला लगेच बोलवा." दाब वाढला, की टाक्यांच्या आत रक्तस्राव होऊ शकतो.

मी फुगलो. एकशे अडतीस.

"सिस्टर, डावा हात तटतटलाय हो," बाई म्हणाल्या.

"पहिल्या दिवशी दुखणारच. दाब बघा ना, छान आहे तुमचा."

अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं. एकशे चाळीस. बाईंच्या कपाळावर घाम होता. त्यांच्या नाडीचे ठोके माझ्या अंगावर धाडधाड आदळत होते. मला दरदरून घाम फुटायचा तेवढा बाकी होता. मी पुन्हा खोटं बोललो होतो आणि सगळे माझ्यावर विश्वास ठेवून बसले होते!

उशाशी बाईंची नणंद बसली होती. तिचा धंदा कपडे शिवायचा. ती बराच वेळ माझ्याकडेच बघत होती.

"सिस्टर, रागवू नका, पण हा पट्टा वहिनीला ढगळ होतोय."

"नेहमीचाच आहे त्यांचा. फाइलवर लिहिलंय तसं."

"अहो, फाइल कधीची? दोन वर्षांत हिचे कपडे मी चार वेळा आत घेतलेत. जुन्या मापाचं एकही हिला बसत नाही. मग हाच कसा बसेल?"

"वन्सं, जाऊ दे ना," बाई कण्हत म्हणाल्या. "तो माझाच आहे."

सिस्टरांनी मला हात लावला. उरलेली लांबी चाचपली. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांनी मला ओढून काढलं आणि मधल्या भावाला लावलं.

एकशे बासष्ट.

सिस्टरांनी डाव्या हाताचं बँडेज सोडलं. मित्रांनो, ते बघून मी हादरलो. दंड दुपटीने फुगला होता. कातडी चकचकीत ताणलेली आणि कोपरापर्यंत काळीनिळी. सिस्टर दारातूनच ओरडल्या, "डॉक्टर!" दोन मिनिटांत बाईंची खाट बाहेर गेली. मी जमिनीवर पडलो होतो. मला उचलायचं भान कुणाला नव्हतं.

नणंदेने मला उचललं आणि मांडीवर घेऊन बसली. मी तर सुन्नच झालो होतो. ज्या बाईंनी मला आपलं मानलं, त्यांचाच हात माझ्यामुळे जातो की काय!

तासाभराने डॉक्टर आले. "आत रक्त साचलं होतं. काढलं. हात वाचला. पण आणखी उशीर झाला असता, तर कातडी जगली नसती. शिवाय त्यांचा दाब बहुधा आधीपासूनच वाढलेला असावा. गोळ्या सुरू करू."

सिस्टर पुढे झाल्या. "चूक माझी आहे, डॉक्टर. मी माणसाकडे बघितलंच नाही. चिठ्ठीकडे बघितलं."

त्याच संध्याकाळी त्यांनी कपाटातल्या सगळ्या फायलींवरच्या लाल चिठ्ठ्या काढल्या. नणंदेने पांढरा दोरा मागून घेतला आणि माझ्या अंगावर, पुसल्या गेलेल्या जागी, दोन रेषा पक्क्या शिवून दिल्या. सुई टोचताना मला बरं वाटलं.

काही महिन्यांनी बाई आल्या. आखूड बाह्या! काखेपासून कोपरापर्यंत एक लांब, लालसर व्रण, पण हात मोकळा. सवयीने त्यांनी दंड पुढे केला. "माझा नेहमीचाच लावा हं."

सिस्टरांनी मला गुंडाळलं. कड पांढऱ्या रेषेच्या कितीतरी पलीकडे गेली. "बघा बाई. हा आता तुमचा राहिला नाही."

बाई त्या रेषेकडे बघतच राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. "कपडे बदलले, आरसा बदलला, हातसुद्धा कापून घेतला," त्या म्हणाल्या. "तरी मी अजून तीच जाडी बाई होते बघा."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्या रेषा पुसल्या गेल्या, तर त्या पुन्हा काढून घ्या. आणि आपल्या माणसाला मागच्या वर्षीच्या मापाने मोजू नका. दर वेळी नव्याने बघा. कुणी दुखतंय म्हणालं, तर आकड्याच्या आधी त्याचं ऐका.

सिस्टरांनी चर्रकन मला सोडवलं आणि मधल्या भावाला हाक दिल्यासारखं ड्रॉवरमधून काढलं. मला आत ठेवण्याआधी बाईंनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग ड्रॉवर बंद झाला, आणि आत पडल्या पडल्या मला ऐकू आलं, "एकशे बावीस." या वेळी तो आकडा खरा होता.