आप्पांनी लावलेली धार

आमच्या घरात खंडेनवमीला लोखंडाची कुठलीच वस्तू सुटत नाही. विळे, खुरपी, कुऱ्हाड, मेंढरं कातरायच्या चार कातरी, एवढंच काय, आईची विळीसुद्धा आदल्या दोन दिवसांत आप्पांच्या हाताखालून जाते. आप्पा म्हणजे माझे वडील, बिराप्पा. ते प्रत्येक वस्तूला धार लावतात, आई हळदकुंकू लावते, आणि सगळं भिंतीशी मांडून ठेवतात. त्या दिवशी त्यातल्या कशालाही कुणी हात लावायचा नाही. जत तालुक्यात मेंढरं कातरावीत तर बिराप्पांनी, असं लोक म्हणतात, आणि आप्पांनाही ते मनापासून मान्य आहे.

यंदा त्या रांगेत माझे स्केट होते. घरी आणले मीच आणि बॅग उघडी टाकून गेले तीही मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. तेव्हा कुणी म्हणायला नको की बाई, तुझं काय?

मी बर्फावर स्केटिंग करते. पाचशे मीटर, जीव खाऊन पळायचं, पाऊण मिनिटात खेळ खल्लास. जतची पोर आणि बर्फ म्हटलं की लोकांना हसू येतं. हसा. आमच्या गावात बर्फ दिसतो तो रसाच्या गाड्यावर, तोही उन्हाळ्यात, तोही टँकर आला असेल तर. मी शाळेसाठी सांगलीला वसतिगृहात होते, तिथं चाकांच्या स्केटवर सुरुवात केली. संयोगिता मॅडम आठवड्यातून तीनदा साताऱ्याहून शिकवायला यायच्या. त्यांच्या घरी ऊस, दोन भाऊ फौजेत, आणि आवाज असा की रिंकच्या दुसऱ्या टोकाला पोरं सरळ उभी राहायची. चाकांवरून बर्फावर त्यांनीच मला नेलं. गेल्या हिवाळ्यात दोन महिने परदेशातल्या शिबिरात होते, तिथं माझी वेळ चव्वेचाळीस सेकंद बारा शतांश झाली.

यंदा नोव्हेंबरात कझाकस्तानात आशियातल्या मुलींची स्पर्धा होती. मेडल आम्हाला कुणी मागितलं नव्हतं, तेवढी अक्कल सगळ्यांना होती. मागितले होते चव्वेचाळीस सेकंद. त्याच्या आत जी येईल ती पुढचे चार महिने तिथल्याच बर्फावर सराव करणार, उरलेल्या घरी. मी बावीस वर्षांची आहे, आणि या निवडीची वयोमर्यादाही तेवढीच. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायला माझ्याकडं पुढचं वर्षच नव्हतं. मला बारा शतांश कमी करायचे होते, बस.

सराव मध्येच थांबवून खंडेनवमीला तीन दिवस घरी गेले, कारण आईनं फोनवर रडून घेतलं. कागदपत्रांसाठी पहिले दोन दिवस जतला हेलपाटे घालत होते. घरी आले तर स्केट भिंतीशी, कातरींच्या शेजारी, झेंडूची फुलं घालून मांडलेले. मला भरून आलं. गावातले लोक त्याला "प्रांजलचं ते चाकाचं" म्हणायचे, मी बर्फावर जायला लागून तीन वर्षं झाली तरी. आमच्या घरात मात्र त्याला हत्यार म्हणून मान मिळाला होता. हात लावायचा नव्हता म्हणून लावला नाही. दसऱ्याला सकाळी आईनं पुसून, पात्यांवर रबराची कव्हरं चढवून बॅगेत भरून दिले. स्पर्धेला महिना होता, पण माझा सराव तोवर सांगलीत चाकांवरच चालणार होता, त्यामुळं ती बॅग मी उघडलीच नाही. एसटीत चढताना आप्पा खालून म्हणाले, "धारंची काळजी करू नगंस." मी "व्हय व्हय" म्हटलं. माझं लक्ष खिडकीजवळची जागा धरण्याकडं होतं.

ती कव्हरं मी काढली ती थेट कझाकस्तानात, स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी.

पाती लखलखत होती. मला वाटलं, आईनं चिंच लावून घासली असतील. बर्फावर उतरले, चार पावलं टाकली आणि पहिल्या वळणाला डावा पाय बर्फात रुतला, उजवा सुटला. गुडघ्यावर आपटून थेट रिंकच्या कडेला लावलेल्या गाद्यांपर्यंत घसरत गेले. उठले, परत गेले, परत तेच. तिसऱ्यांदा मॅडमनी मला बाहेर बोलावलं, स्केट उलटा केला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठा कापला.

बर्फावरच्या स्केटचं पातं हे चाकू नव्हे. ते सतरा इंच लांब, जेमतेम एक मिलिमीटर जाड असतं आणि त्याचा तळ सपाट असतो. त्या सपाटीच्या दोन्ही कडा काटकोनात ठेवायच्या असतात, वळणावर पाय त्यांच्या जिवावर उभा राहतो. शिवाय पातं टाचेपासून चवड्यापर्यंत डोळ्याला दिसणार नाही इतकं गोलाईत असतं, त्यामुळंच ते वळतं. आप्पांनी त्या दोन्ही कडा तिरप्या घासून मधोमध एक केल्या होत्या, मेंढराच्या अंगावर एक केस राहू नये अशा. इतकं कडक पोलाद त्यांनी दोन दिवस दगडावर घासलं असणार. इतकी सुंदर धार मी जन्मात पाहिली नव्हती.

"हे कुणी केलं?" मॅडमनी विचारलं.

आजूबाजूला संघातल्या तिघी उभ्या होत्या. त्यातली प्रियदर्शनी साताऱ्याकडची, बागाईतदाराची नात. पोरगी वाईट नाही, माझ्याशी खोली वाटून घेते, खाऊ वाटून घेते. पण विमानतळावर येताना तिनं एक गंमत सांगितली होती. त्यांच्या रानात दर वर्षी दिवाळीनंतर एक धनगर खतासाठी मेंढरं बसवायला येतो, त्यानं तिच्या आजोबांचा नवा मोबाइल कानाला उलटा लावून अर्धा तास "हालो हालो" केलं. सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. आप्पा वीस वर्षं मेंढरं घेऊन त्याच बाजूला जात होते, आणि त्यांनाही मोबाइल धड धरता येत नाही. तो म्हातारा आप्पा नसतीलही. मी मात्र हसले होते.

"मीच," मी म्हटलं. "घाईत झालं."

रिंकवर स्केटची दुरुस्ती करणारा एक म्हातारा होता. त्यानं पातं डोळ्यांसमोर धरलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, ते मला न सांगता कळलं. दोन्ही स्केट शेजारी शेजारी शिकंज्यात आवळून त्यानं दुपारभर दगड फिरवला. तळ सपाट झाला, कडा आल्या. पण त्यासाठी पातं इतकं खाली न्यावं लागलं की मधली गोलाई गेली, आणि ती बसवायला लागणारं यंत्र दुसऱ्या शहरात होतं. जादा पाती कुणाकडं नव्हती, आणि दुसऱ्या कुणाचे स्केट घ्यावेत तर बूट ज्याच्या त्याच्या पायाच्या साच्यावर बनवलेले. मी त्याच्यासमोर बाकावर बसून होते. आप्पांना फोन लावावा आणि तोंडाला येईल ते बोलावं असं मला चार वेळा वाटलं. चारही वेळा फोन काढला आणि परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझी जोडी एका कोरियन मुलीशी लागली. बंदूक वाजली. पहिले शंभर मीटर मी चांगली पळाले, तिथं गोलाईचं काम नसतं, नुसते पाय मारायचे असतात. शंभर मीटरला माझी वेळ आजवरची सगळ्यात चांगली होती, हे नंतर फलकावर बघितलं आणि ते बघायला नको होतं असं वाटलं. वळण आलं. पातं वळेना. प्रत्येक पावलाला मी त्याला ओढत होते आणि ते सरळ पळत होतं. मांड्या पेटल्या. समोरच्या सरळ भागात पट्टे बदलताना ती कोरियन पोरगी माझ्या पुढून अशी गेली की मी कुणी तिथं नव्हतेच. दुसरं वळण मी पडायचं नाही एवढ्याच हट्टावर काढलं. सेहेचाळीस सेकंद एकतीस शतांश. बावीस जणींत विसावी. प्रियदर्शनी त्रेचाळीस नव्वदमध्ये आली.

संध्याकाळी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर रिपोर्ट होता, अंगठ्याला पट्टी होती.

"बस. ती धार तुझी नाही," त्या म्हणाल्या. "धार लावायला तुला मी शिकवलंय. झोपेतसुद्धा तू असं करणार नाहीस. घरच्या कुणी केलंय का?"

मी त्यांच्या अंगठ्यावरची पट्टी बघत राहिले.

"हे बघ प्रांजल, घरच्यांनी नकळत केलं असेल तर मी तसं लिहिते. अपघात म्हणून धरतील. पाती बदलून महिन्याभरात तुला परत वेळ देता येईल, मी भांडेन त्यासाठी. पण तूच केलंस म्हणालीस तर तो निष्काळजीपणा होतो. मग माझे हात बांधले जातात. खरं सांग."

मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला दिसत होतं. ती गोष्ट संघात फिरली असती, शिबिरात फिरली असती, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक रिंकवर फिरली असती. धनगरानं लेकीच्या स्केटला मेंढरं कातरायची धार लावली. पोरी पोट धरून हसल्या असत्या, आणि या वेळी त्यांना नावासकट हसता आलं असतं. आप्पांवरच्या मायेनं मी गप्प बसले असं म्हणायला मला आवडेल. पण खरं कारण लाज हेच होतं. मला त्यांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचीही वाटली.

"मीच केलं, मॅडम."

त्यांनी रिपोर्ट पुढं ओढला. "बरं," म्हणाल्या आणि लिहायला घेतलं.

गावात माझा सत्कार झाला. होणारच होता, बोर्ड आधीच छापून आला होता. "आंतरराष्ट्रीय खेळाडू प्रांजल" आणि खाली गावातल्या चौदा जणांचे फोटो, माझ्यापेक्षा मोठे. शाल, नारळ, हलगी सगळं झालं. सोसायटीचे भाऊसो माइकवर म्हणाले, "सांग की पोरी, कितवा नंबर आला?"

"विसावा."

"वा! कितीत?"

"बावीसात."

भाऊसोंनी माइक दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले की भाग घेणं महत्त्वाचं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा पुढं बसले होते, नवा पटका बांधून. त्यांनी न बोलावता माइक घेतला. "पोरीच्या हत्याराला धार म्या लावली," ते म्हणाले. "दोन दिस लागलं. लोखंड लय चिवट. पर सोडलं न्हाई." परत टाळ्या वाजल्या, माझ्यापेक्षा जास्त.

विमानात मी एक वाक्य तयार केलं होतं. आप्पा, तुमच्या धारेनं माझा घात केला. मुंबईपासून सांगलीपर्यंत ते मनात घोळवलं, सांगलीपासून जतपर्यंत घोळवलं. ओरडून म्हणायचं की शांतपणे, एवढंच ठरायचं होतं.

सत्काराहून आलो, जेवायला बसलो. आई भाकरी थापत होती. आप्पांनी पहिला घास मोडला आणि हातातच धरला.

"धार कशी हुती गं?"

त्यांनी विचारलं ते मला बरं वाटावं म्हणून नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. महिनाभर त्यांच्या मनात तेवढंच असणार, इतक्या लांबच्या बर्फावर आपला हात कसा चालला. त्यांच्या बोटांवर दगडाचे काळे ओरखडे अजून होते. मी तयार केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं.

"लय चांगली हुती," मी म्हटलं.

"अडाकली न्हाई कुटं?"

"न्हाई."

"वळनावर?"

"वळनावर बी न्हाई."

त्यांचा चेहरा निवळला. घास तोंडात घातला, सावकाश चावला. मग ते विचारात पडले. आप्पा असा विचार करतात तेव्हा त्यांच्याकडून चुकीचं काही निघत नाही, सगळं एकापुढं एक बरोबर लागत जातं.

"मंजी हत्याराचा दोष न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई."

"मंग तूच कमी पडलीस, पोरी."

रागानं नव्हे. एखादं कोकरू अंग धरत नसलं की ते जसं सांगतात तसं, समजून घेऊन सांगितलं. "हुतंय आसं. समद्यास्नी जमतंय व्हय? मन मारू नगंस. पर आता ते पळनं बास कर."

"आवं, जेवू द्या तिला," आई चुलीपुढून म्हणाली.

मला त्यांचा इतका राग आला की ताट भिरकावून द्यावं वाटलं. एक वाक्य बोलले असते तर त्यांचा सगळा हिशेब उलटा झाला असता. त्यांना कळलं असतं की मी कमी पडले नव्हते, पहिल्या शंभर मीटरला तर आजवर इतकी कधीच पळाले नव्हते. पण ते कळल्यावर या माणसानं परत कधी कशाला धार लावली असती का, हे मला माहीत नव्हतं. ते बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "मीच कमी पडले."

त्यांनी मान हलवली आणि आईच्या हातातली गरम भाकरी घेऊन अर्धी माझ्या ताटात टाकली.