घासूनपुसून नवा झालेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. शेंदूर फासलेला देव नव्हे, मी फकरू उईकेची खूण आहे. कारंज्याकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गोंड वस्तीत तो वारला. त्याच्याच शेताच्या धुऱ्याजवळ, बांधाला लागून, त्याला पुरलं आणि चौघांनी मला नाल्यातून आणून त्याच्या उशाशी उभं केलं. त्याला शंभरेक वर्षं झाली. शाळेत न जाताही एवढं मला मोजता येतं.

माझं काम सोपं होतं. नव्या ज्वारीची पहिली मूठ घरचे माझ्यासमोर ठेवत, गुरं मला अंग घासत, पोरं टेकून भाकर खात. माझ्या अंगावर शेवाळाचे करडे थर चढले. मला त्यांचा अभिमान होता.

मग वनखात्याच्या साहेबांना जंगल आठवलं. जंगल राखायचं तर वस्ती उठवा, असं ठरलं. ज्यांनी ते इतकी वर्षं राखलं, त्यांच्यापासूनच राखायचं! एवढी अक्कल दगडाला कुठून असणार?

फकरूची पणतसून अनुसयाबाई. तिने वनहक्काचा दावा लावला. दावा टिकला तर शेत राहणार, नाहीतर वस्तीबरोबर तेही जाणार. पुरख्यांचा, वाडवडिलांचा जुना दगड कायद्यात पुरावा धरतात, म्हणून साहेब मला बघायला येणार होते.

आदल्या दिवशी ती विटेचा तुकडा घेऊन आली. दुपारभर तिने मला घासलं, धुतलं आणि वरून गेरू फासला. माझं सगळं वय पाण्याबरोबर शेतात वाहून गेलं. मी ओरडलो असतो, पण आमची जात मुकी.

साहेब आले. गॉगल न काढताच म्हणाले, "बाई, हा गोटा तं आत्ताच गाडलेला दिसून राह्यला."

"नाई जी साहेब, तुमी येनार म्हनून घासला," ती म्हणाली. "पाव्हना येते तं घर सारवत नाई का आपन?"

साहेब हसले. मोबाइलवर माझा फोटो काढला आणि कागदावर लिहिलं, 'दगड नवीन.' तिने केलेला चहा मात्र दोनदा प्यायले. दावा फेटाळला गेला. पावसाळ्याआधी वस्ती ट्रकमध्ये भरून हायवेकाठच्या पत्र्याच्या खोल्यांत नेऊन टाकली.

आता माझ्या शेजारी सिमेंटचा हद्दखांब आहे. वय वर्षे दोन. त्याला दरवर्षी ताजा रंग देतात, तरी त्याला नवीन म्हणायची कुणाची छाती नाही. असल्या शेजाऱ्याशी मी बोलत नाही.

अनुसयाबाईने अपील केलं आहे. पुन्हा पाहणी होणार आहे. म्हणून मित्रांनो, विनंती एकच. वस्तू जपा, स्वच्छ ठेवा, हे तुमच्या पुस्तकातलं मला सांगू नका. ती हायवेला भेटली तर तिला सांगा, या खेपेला वीट आणू नको. माझ्यावर पुन्हा शेवाळ धरू लागलं आहे, बोटभरच, पण आहे.

ती ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर ती घासणारच.