निवाडेबाबाची शिट्टी

सकाळपासून निळ्या ट्रेलरपुढे रांग लागली होती. सुट्टीचा दिवस, त्यामुळे कालव्याच्या कामावरची निम्मी वसाहत तिथे लोटली होती. चपला-बूट एका कडेला काढलेले, माणसं दबक्या आवाजात बोलत होती आणि उघड्या दारातून अत्तराचा भपकारा येत होता. माझी साठी उलटली आहे. आयुष्यभर असली चाकांवरची घरं दुरुस्त केली. त्यांतले सगळे वास मला पाठ आहेत, पण पावित्र्याचा वास इतका उग्र असतो, हे त्या ट्रेलरमुळेच कळलं.

आत निवाडेबाबा बसायचे. पूर्वी ते गाद्या विकायचे, आता निवाडे द्यायचे. त्यांच्या बाकाशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, भिंतीत एक पांढरी पेटी बसवलेली होती. माणसानं तिच्यापुढे गुडघे टेकायचे, बाबांनी त्याच्या हातांवर सुगंधी पाणी ओतायचं, मग त्यानं ओले हात पेटीजवळ धरून आपलं म्हणणं मांडायचं. खरं असेल तर पेटी गप्प राही. खोटं असेल तर कानठळ्या बसवणारी शिट्टी.

"हिला तोंड नाही, बाळांनो," बाबा डोळे मिटून सांगायचे. "हिला नाक आहे. खोट्याला वास असतो. तो तुम्हाला येत नाही, मला येत नाही. हिला येतो."

यातलं एक वाक्य अगदी खरं होतं. पेटीला नाक होतं, कारण ती गॅसचा अलार्म होती. अशी पेटी प्रत्येक ट्रेलरमध्ये असते. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, म्हणून ती जमिनीजवळ लावतात. पण स्वयंपाक करताना उगाच कोकलते म्हणून वसाहतीतल्या बहुतेकांनी आपापल्या पेट्या कधीच उपटून टाकल्या होत्या. त्यामुळे बाबांची पेटी त्यांना ओळखू आली नाही.

मी दोघातिघांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग खोटं बोललं की कशी वाजते?" तेवढं मात्र मला उमगलं नव्हतं. मी हत्यारं उचलून घरी आलो. खरं सांगायचं तर दमलो होतो. या वयात चारचौघांशी वाद घालायचा म्हणजे आधी रात्रीची झोप चांगली लागावी लागते.

मग वहिनींची पाळी आली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून त्या वसाहतीची मेस चालवत होत्या. पंधरा दिवसांपूर्वी तिथे जेवलेली चाळीस माणसं आजारी पडली. सुपरवायझर म्हणाला, दूध नासलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, नासलेलं दूध मी आदल्याच दिवशी स्वतःच्या हातानं ओतून दिलं. कुणीतरी म्हणालं, पेटीला विचारू. वहिनींनी गुडघे टेकले, तेच वाक्य तीनदा म्हटलं आणि पेटी तिन्ही वेळा किंचाळली. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडून मेसच्या किल्ल्या काढून घेतल्या. ओळखीच्या बायका रस्त्यात दिसल्या की दुसऱ्या बाजूनं जायला लागल्या.

हेही एक वेळ चाललं असतं. पण वहिनींनाच स्वतःचा भरवसा वाटेनासा झाला.

"भाऊजी, मी ओतलं होतं ना हो?" भांडी घासता घासता त्या मध्येच थांबून विचारत. "मला तर आठवतंय. पण पेटीपुढे हात असे गार पडले होते. बर्फासारखे. मनात काही असल्याशिवाय का असं होतं?"

"थकला होतात तुम्ही."

"थकलं म्हणून हात गार पडत नाहीत."

जिनं चाळीस वर्षं दुसऱ्यांना वेळेवर गरम जेवण वाढलं, ती बाई आता स्वतःच्या आठवणीला घाबरत होती.

आणि मग त्या सुट्टीच्या सकाळी बाबांचं बोलावणं आलं. पेटी चार दिवसांपासून आपली आपणच वाजत होती. मोठी शिट्टी नाही, दर अर्ध्या मिनिटाला एक बारीक 'टिक्'. बाबांनी लोकांना सांगितलं होतं की पेटी कोपली आहे, आज कारागीर तिचं आसन स्वच्छ करेल आणि मग निवाडे सुरू होतील. मला मात्र निरोप होता तो असा, 'काहीही कर, पण गप्प कर.'

मी हत्यारांची पेटी उचलली आणि वहिनींना म्हटलं, "चला. बॅटरी धरायला कुणीतरी पाहिजे. माझ्या डोळ्यांना खालचं दिसत नाही."

"मी त्या दारात पाय ठेवणार नाही."

"मग मी एकटा वाकतो. उठवायला या तेवढं."

त्या मुकाट्यानं मागोमाग आल्या. रांगेनं आम्हाला वाट दिली; म्हणजे वहिनींपासून लांब सरकली.

आत शिरल्याबरोबर मी पेटीशेजारचा दिवा विझवला आणि बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला. गॅसच्या कामात एवढं आधी करायचंच असतं. मग गुडघ्यांवर बसलो. पेटीच्या तोंडावर कुणीतरी तीन पदरी चिकटपट्टी लावली होती.

"हे कुणी केलं?"

"आवाज सहन होईना," बाबा कुजबुजले. "ध्यानात अडथळा येतो."

पट्टी सोलली. जाळीत धूळ नव्हती. बटण दाबलं तर पेटी वाजली. तारांवर मीटर लावला; बारा व्होल्ट व्यवस्थित येत होते. म्हणजे वीज ठीक, धूळ नाही, मोठी शिट्टी नाही. राहिलं वय. स्क्रू काढून पेटी भिंतीतून ओढली आणि पाठ वहिनींच्या उजेडात धरली. तिथे छापलेल्या तारखेला आठ वर्षं होत आली होती. या अलार्ममधलं नाक साधारण पाच-सात वर्षांत निकामी होतं, मग तो टिकटिक करून सांगतो की मला बदला.

"म्हातारी झाली," मी म्हटलं. "नवीन लावावी लागेल."

"नवीन?" बाबांचा चेहरा उतरला. "तशीच वाजेल ना?"

"वास आला की वाजेल."

जुनीच्या तारा सोडवण्याआधी फ्यूज काढायचा होता. फ्यूजची पाटी बाकाखालच्या कपाटात होती. मी दार उघडलं, तर आत सुगंधी पाण्याच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी. दोन्हींना एकच चित्र चिकटवलेलं, पण एकीचं झाकण पांढरं, दुसरीचं लाल. बाबा तेवढ्यात दारात उभे राहून लोकांना काहीतरी समजावत होते. मी लाल झाकण उघडून हुंगलं. अत्तराच्या खाली एक तिखट वास होता. रंग पुसायला मी जे स्पिरिट वापरतो, तेच.

वहिनींनी बॅटरी खाली ठेवली आणि तळहात पुढे केला. मी दोन थेंब टाकले. त्या हाताकडे बघत राहिल्या. मग पाठ टेकवून जमिनीवरच बसल्या.

"गार," त्या म्हणाल्या. "तस्साच गार."

स्पिरिट उडून जाताना हाताची ऊब घेऊन जातं आणि त्याची वाफ अलार्मला गॅससारखीच लागते. कंपनीच्या पुस्तिकेतसुद्धा लिहिलेलं असतं की स्प्रे, अत्तर, दारू जवळ आणू नका, उगाच वाजेल. इतकी वर्षं हे मला माहीत होतं आणि पंधरा दिवस सुचलं नव्हतं.

मी माझ्या सामानातला नवीन अलार्म लावला. लाल तार लालला, काळी काळीला, जोड गुंडाळले, फ्यूज बसवला, बाहेर जाऊन सिलिंडर चालू केला. काही मिनिटांनी हिरवा दिवा स्थिर झाला. बाबा खुशीत बाकावर येऊन बसले. मी दाराकडे वळून म्हटलं, "पुढे या सगळे. नवी पेटी तपासायची आहे."

वहिनींनी गुडघे टेकले. मी पांढऱ्या झाकणाची बाटली त्यांच्या हातांवर ओतली.

"नासलेलं दूध मी ओतून दिलं होतं," त्या म्हणाल्या. पेटी गप्प.

हात पुसले. लाल झाकणाची बाटली ओतली. "नासलेलं दूध मी ओतून दिलं होतं." शिट्टीनं ट्रेलर दणाणला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या रांगेतला म्हातारा क्रेनवाला लंगडत आत आला. "मला पांढरीतलं द्या," म्हणाला आणि हात पुढे करून गंभीरपणे बोलला, "मी वीस वर्षांचा आहे. माझे सगळे दात शाबूत आहेत." पेटी हूं की चूं करेना. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

बाबा काहीतरी मंत्र पुटपुटत उठले, आणि नेमकी त्याच वेळी, जवळ कुणाचे हात नसताना, पेटी वाजली. थांबेचना.

"बाबाच खोटा!" एकजण ओरडला. "पेटीनं बाबालाच पकडलं!"

वहिनी हवा हुंगत होत्या. "भाऊजी, हे अत्तर नाही. गॅस येतोय."

"बाहेर! सगळे बाहेर. बटणाला हात लावू नका."

सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. वारा खेळल्यावर पेटी आपोआप थांबली. मग सिलिंडर जरासा उघडून शेगडीमागच्या नळीवर साबणाचं पाणी लावलं, तर जोडावर बुडबुडे फुगायला लागले. किती दिवस गळत होतं कोण जाणे. जुन्या पेटीच्या तोंडाला पट्टी, अत्तराच्या आड गॅसचा वास, शेजारी जळता दिवा आणि समोर रोज शंभर माणसं. मी पायरीवर बसलो.

तेवढ्यात चारपाच जण वहिनींपुढे आले. "ताई, चुकलं आमचं. पेटीनंच दाखवलं, तुम्ही खऱ्या, बाबा खोटा."

मी 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. वहिनींवरचा डाग पुसला गेला असता आणि मला घरी जाऊन आडवं होता आलं असतं. पण त्याआधी वहिनीच बोलल्या.

"पेटीनं काही दाखवलं नाही. तिला गॅस लागला, ती वाजली. त्या दिवशी तिला स्पिरिट लागलं, ती वाजली. माझं तुम्हाला पेटीनं सांगितलं म्हणून पटत असेल तर नका पटवून घेऊ."

"मग खरं काय ते कळायचं कसं?"

"टाकीत बघितलंत का कुणी? मेसच्या पाण्याच्या?"

कुणीच बघितलं नव्हतं. टाकी धुवायचं काम सुपरवायझरचं होतं. क्रेनवाल्यानं शिडी लावून झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. आत दोन उंदीर फुगून तरंगत होते.

बाबांनी नंतर खालच्या मानेनं सांगितलं की सुपरवायझर आदल्या दिवशी येऊन कोणाला वाजवायचं ते सांगून जायचा. बदल्यात ट्रेलर उभा करायला जागा. काही जण त्यांच्यावर धावले. वहिनींनी त्यांना अडवलं. बाबा दुपारीच निघून गेले, सुपरवायझरची चौकशी लागली. वहिनींना किल्ल्या परत मिळाल्या, पण त्या लगेच गेल्या नाहीत. "दोन दिवस नुसती झोपणार आहे," म्हणाल्या, आणि खरंच झोपल्या.

त्यानंतर लोक मला विचारतात, दुसरी कुठली पेटी आहे का हो, खरी? मी कंटाळून तेच ते सांगतो. घरात अलार्म असेल तर त्याची तारीख बघा. तो वाजला तर पापपुण्य आठवू नका. शेगडी-दिवा विझवा, दारं उघडा, माणसं बाहेर काढा. आणि कुणावर आळ आला तर यंत्रापुढे, मूर्तीपुढे, कुणा बाबापुढे त्याला गुडघे टेकायला लावू नका. त्याच्यासमोर बसा. काय झालं ते विचारा. मग उठून स्वतः जाऊन बघा. यात चमत्कार काही नाही, मेहनत आहे, आणि ती आपल्यालाच करावी लागते.